काविळीची माळ

बाबा, धाकटीची कावीळ आठवली की मला अजून तुमचा राग येतो. तुमच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढं गेलेय मी, तरी येतो. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, तुम्ही तिथं बाटल्या धुवायला होता, आणि आपण दापोडीत रुळांजवळच्या चाळीत राहत होतो. चाळीत ख्रिस्ती घर आपलं एकटंच. धाकटीचे डोळे पिवळे झाले तशी शेजारीण रावेतहून काविळीचं औषध देणाऱ्या आजींना घेऊन आली. त्या मंत्र म्हणत ओल्या काड्यांची माळ गुंफायच्या. कावीळ उतरते तशी माळ वाढत जाते म्हणे. तुम्ही दारातच हात जोडलेत. "आजी, झाडपाला देवानं निर्मिलाय, तो द्या. मंत्र तेवढा नको." त्या म्हणाल्या, "मंतराबिगर गुण येत न्हाई, दादा. माझ्या गुरूनं तसंच दिलंया." दोघंही नम्र, दोघंही हटेनात. आजी आल्या तशा गेल्या आणि आई कडाडली, "अहो, पोर हळदीसारखी पिवळी पडलीय नि तुम्हाला मंत्राचं पडलंय!"

मग आठ दिवस घरात तेच. तुम्ही गुडघे टेकून प्रार्थना करताय, आई भिंतीकडं तोंड करून बसलीय, धाकटी उसाचा रस ओकतेय. नवव्या दिवशी तुम्ही शिफ्टला गेल्यावर आई रावेतला जाऊन माळ घेऊन आली, धाकटीच्या गळ्यात घालून झग्याआत लपवली. संध्याकाळपर्यंत माळ खरंच बोटभर वाढली. धाकटी हसली, त्या आजारात तेवढंच हसली. तुम्ही घरी आलात, माळ कात्रीनं कापलीत आणि चुलीत टाकलीत. रविवारी ती गेली. त्यानंतर घरच्या प्रार्थनेत आई कधी आमेन म्हणाली नाही.

पुढं मी नर्स झाले. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ वाढते. म्हणजे तुमचंच खरं ठरलं, घ्या! पण बाबा, कारखान्यात डॉक्टर होता, पुण्याला मोठं इस्पितळ होतं. तुम्ही मंत्राशी भांडत राहिलात, आई तुमच्याशी. धाकटी वाचली असतीच असं मी म्हणत नाही. काविळीवर तेव्हा डॉक्टरांकडंही फारसं काही नव्हतं. पण कुणी तिला उचलून न्यायचं तरी होतं की नाही? औषधाच्या बाटल्या धुणाऱ्याला डॉक्टर आठवला नाही, हे मी कुणाला सांगू?

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचंही धाडस होत नाही, कारण माझा राग अर्धाच खरा आहे. माळ तुम्हाला आपणहून दिसली नव्हती. "ताई, बाबांना सांगू नको गं," म्हणून धाकटीनं माझा हात धरला होता. पण मी दहा आज्ञा तोंडपाठ असलेली मुलगी. तुम्ही सायकल भिंतीला टेकवताय तोवर पळत येऊन मी सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात नि म्हणालात, "शहाणी माझी लेक." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, बाबा.