तेराव्या खुंटावरचा लाल कागद

दुसरा महिना, चौथा दिवस
सुचौ शहरात पोचलो. नावेतल्या बदकवाल्याने रस्ताभर डोकं खाल्लं, पण बदकं गुणी. एक तर माझ्या मांडीवरच झोपलं. काम लगेच मिळालं. एका निवृत्त अंमलदाराच्या घरामागे बाग होतेय, तिथे फान उस्तादांच्या हाताखाली दगड ओढायचे. त्यांनी नाव विचारलं. म्हटलं, यान शिऊ, आणि लिहूनही दाखवतो. शाळा दोनच वर्षं, पण नाव झोकात लिहितो. त्यांनी लाल कागद पुढे केला. अक्षर बघून म्हणाले, वा.

सातवा दिवस
उस्तादांचं म्हणणं, बाग एका नजरेत दिसता कामा नये. म्हणून वाट वाकडी, पूल नागमोडी, भिंतीत जाळीच्या खिडक्या. एकीची नक्षी दुसरीला नाही. पलीकडच्या देवळाचा मनोरा भिंतीवरून असा डोकावतो, की मालकाचाच वाटावा. तळं उपसून ठेवलंय. चिखलात तेरा लाकडी खुंट ठोकायचे, त्यांवर दगडांचा डोंगर. सांधे भरायच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालतात. चुन्याआधी वाडगाभर मीच पळवली.

नववा दिवस
स्वयंपाकीण शन काकूने विचारलं, नाव कुठे लिहिलंस. सांगितलं.
"स्वतःच्या हातानं? अरे शहाण्या, अक्षराची हौस घरी भागत नव्हती का?"
ती म्हणाली, काही गवंडी जिवंत माणसाचं नाव खुंटाच्या डोक्यावर ठेवून घण मारतात. खुंट मग हलत नाही, माणूस मात्र रिकामा होतो. कागद परत हातात आला तरच सुटका. ओसरी झाडणारा बाव गेल्या वर्षी पुलाच्या कामावर होता. मी त्याला तीनदा हाक मारली. झाडतच राहिला. बहिरा असेल म्हटलं, तेवढ्यात काकूची पळी पडली आणि तो दचकला.

दहावा दिवस
उस्तादांना सरळ विचारलं. हसले. असल्या अफवांपायी लोकांनी परवा दोन गवंडी झोडपले, तू तरी बरळू नकोस, म्हणाले. नावं घेतात ती कोण आलं, कोण गेलं ते कळावं म्हणून. त्या कागदांचं पुडकं दाखवा म्हटलं. दाखवलं. सगळ्यांचे कागद होते, माझा नाही. वाऱ्यानं उडाला असेल, म्हणाले.
पुडक्यावर वीट होती.

बारावा दिवस
सात खुंट झाले. घण दोरांनी वर ओढून खुंटावर सोडतात, त्यातला एक दोर मीही ओढतो. तेराव्या खुंटाचं डोकं उस्तादांनी स्वतः गोणपाटानं बांधलंय. कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. दगड नीट बसावा म्हणून, असं सांगतात. मी विचारलं नव्हतं. पळून जावं, तर नाव इथेच राहणार.

पंधरावा दिवस
तेरावा आज ठोकला. दर घावाला दाढा झिणझिणत होत्या. गोणपाट तसंच बांधलेलं. उद्या-परवा वर दगड चढेल. त्याआधी कागद काढायलाच हवा. घरची आठवण येतेय. आई दारात उभी राहून मला हाक मारायची, ती कशी बरं—

सोळावा
काकू म्हणते, सकाळपासून चारदा हाक मारली. ऐकू आली होती. दुसऱ्याच कुणाला तरी मारत होती.
बाव माझ्याकडे बघून हसला. पहिल्यांदाच.

सतरावा, दुपार
सगळे जेवून आडवे झालेत. चिखलात उतरलो. गोणपाट फाडलं. आहे, लाल कागद आहे, ओला, पण शाबूत—
अक्षर माझंच. शेवटचा फटकारा मीच असा ओढतो.
यान शिऊ, असं लिहिलंय.
कोण हा? मी याचं नाव कशाला लिहिलं? माझा कागद कुठे—
काकू जाळीच्या खिडकीतून ओरडतेय. यान शिऊ, यान शिऊ. सारखी. रडतेयही. तो मेला ओ का देत नाही? आणि ही माझ्याकडेच बघत—