माझ्या नावाचे आदेश

मंगळवार, अंगारकी. संध्याकाळ.

मी देवळात असताना आमच्या क्लासच्या नांदेड शाखेतले चाळीस संगणक भर परीक्षेत बंद पडले. तिथं यंत्रं सांभाळणाऱ्या सलीमभाईंचा फोन आला.

"सर, चालू टेस्टमधी बंद कशाला केले? पोरी रडून राहिल्या."

"मी न्हाई केले. मी देवळात हाय."

"मंग तुमचं भूत आलतं का? आदेशावर तुमचंच नाव हाय."

लातूरच्या ऑफिसात येऊन पाहिलं. माझंच नाव.

साऱ्या शाखांचे संगणक इथून चालवायची ही पद्धत मीच आणली. कुठल्याही कंपनीचा संगणक असो, एकाच ठरलेल्या भाषेत दुरून ऐकतो. तब्येत विचारली की सांगतो, बंद हो म्हटलं की बंद होतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत शिकलेल्या मला केवढा अभिमान! पण बोलणारा कोण, हे तो फक्त पासवर्डवरून ओळखतो. आणि पासवर्ड? फोन उचलताच मी देवाचं जे नाव घेतो, तेच. सगळ्या शाखांना एकच. वाटलं, देवाचं नाव राखण करील. इतकी वर्षं ते मीच साऱ्यांना ऐकवत आलो.

बदलायला बसलो, तर जुना पासवर्डच चालेना. कोणीतरी आधीच बदललाय.

उद्या सगळ्या शाखांत मोठी परीक्षा. सलीमभाईंना म्हटलं, "नेटच्या वायरी हातानं उपटा." इथल्या काढायला उठलो, तोवर हॉलमधला पहिला पडदा काळा झाला. मग शेजारचा.

आता सगळा हॉल काळा आहे. क्लासच्या मालक सरांना काय सांगू? प्रत्येक आदेशावर माझंच नाव असणार.