टिचबटणांची पेटी

सोम., ३ नोव्हें.
केमोचा तिसरा डोस होऊन चार दिवस. तोंडाला चव नाही. ऑपरेशन झालं तरी काखेत गाठी आहेतच. दुपारी मुरबाडहून भाची आली, अस्मिता. मुंबईला कॅन्सरवर संशोधन करते. डीएनएच्या पट्ट्यांची पेटी, डोळ्यांना न दिसणारी, आत दोन औषधं एकत्र, कॅन्सरच्या पेशीत नेऊन सोडायची. आणि पट्ट्या आपोआप जुळतात म्हणे! कशा? तिचा चहा गार झाला, मी सोडलंच नाही.

बुध., ५
जन्मभर शाळेत शिकवलं. हाताने केल्याशिवाय मला काही कळत नाही. कापडाच्या पट्ट्या कापून टिचबटणं शिवली. बटणांमधलं अंतर असं, की एकीला एकच जोडीदार बसावा. डब्यात घालून हलवल्या. एकही जुळेना.
हे म्हणाले, "अगो, माझ्या बंडीची बटनं कुठं गेली?"
विज्ञानाला दिली म्हटलं.

रवि., ९
अस्मिताचा फोन. खूप हसली. "मावशी, आधी तापवायचं, सगळ्या सुट्या होतात. मग हळूहळू गार. घाई केली की जोड्या चुकतात."
पटलं. घाईच्या जोड्या गावात कमी का पाहिल्यात!
दोन्ही औषधं एकदम पोचली तर कॅन्सरच्या पेशीला पळवाट कमी. बाकी शरीराला त्रासही कमी, "निदान तसा बेत आहे." हे शेवटचं मी कानाआड केलं.

मंगळ., १८
ठरलं. परवा डोसला जायचं नाही. अस्मिताच्या पेटीसाठी थांबायचं. ह्यांना बोलले नाही. खरं म्हणजे त्या उलट्यांची भीती वाटते.

बुध., १९
दवाखान्याची पिशवी भरलेली नाही बघून ह्यांनी ओळखलं. अस्मिताला बोलावून घेतलं.
"मावशी, अजून काचेच्या ताटलीतल्या पेशींवरच चाललंय. उंदरांपर्यंत पण नाय पोचलो. माणसाला कधी देता येईल, येईल की नाय, मला नाय माहीत गो."
रडली. मीही. तिचा राग आला, मग स्वतःचा. इतके प्रश्न विचारले, 'कधी' तेवढं विचारलं नव्हतं.
हे दारातून म्हणाले, "सकाळची गाडी सांगितलीय मी."

गुरु., २०
कल्याणचा दवाखाना. सलाईन चालू, अक्षर वाकडं. दोन औषधं, एकामागून एक. नर्सला विचारलं, आत गेल्यावर ह्या दोन औषधांची एकमेकांशी गाठ पडते का? म्हणाली, "आजी, पडून राहा."
एक राहिलंच. पेटी जुळली, पेशीत पोचली, मग उघडते कशी? अस्मिताला विचारायचं. ही वही संपत आली. ह्यांना घरी जाताना शहापूरला थांबून नवी घ्यायला सांगितलीय. दोनशे पानी.