पाटीवर नसलेलं नाव

न्यू ऑर्लीन्स,
गुरुवार, १२ सप्टेंबर २०१९

प्रिय न्यूमा,

परवा, मंगळवारी १० सप्टेंबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू आपल्या घराण्याच्या थडग्याचा वरचा कप्पा फोडायला लावलास. वेळ नक्की सांगते, कारण मी फुलं घेऊन तिथे उभी होते. तू आणि ऑरेली बरे असाल अशी आशा आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत.

ऑरेलीची आई गेली त्याचं मला वाईट वाटतं. हॉर्टेन्सबाईंनी उभ्या जन्मात माझ्या हातचा गंबो एकदाच चाखला आणि वर मीठ मागून घेतलं, तरीही वाटतं. पण त्यांच्यासाठी खालचा कप्पा होता. तिथे बाबा आहेत, अठ्ठ्याण्णवपासून. त्यांचं सगळं केव्हाच होऊन गेलंय. खाली ओल येते म्हणून ऑरेलीला तो नको होता, असं ऐकलं.

गवंडी नवा होता. आल्सीद नाव, माणूस सभ्य. विटा काढून तो आत वाकला आणि तसाच मागे सरला. नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आला.

"मादाम, इथे कोण आहे?"

"का?"

"पाटीवर शेवटचं नाव अठ्ठ्याण्णवचं आहे. म्हटलं, नुसती हाडं असतील. पण हे अजून झालेलं नाही हो."

एक वर्ष आणि एक दिवस. या गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. उन्हाने तापलेल्या विटा आपलं काम पुरं करेपर्यंत, आतल्या देहाची नुसती हाडं उरेपर्यंत, कप्प्याला हात लावायचा नाही. मग हाडं मागे सरकवायची, ती खाली पूर्वजांत जाऊन पडतात. ही मुदत भल्याबुऱ्या प्रत्येकाला मिळते. वरच्या कप्प्यातली मुदत सहा नोव्हेंबरला संपणार होती. तुला ते माहीत होतं, तो कप्पा बंद केला तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास.

आल्सीदने तुला फोन लावला. तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "पिशवीत घाल आणि मागे लोट. बाराला फादर यायचेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही जरा त्या झाडाखाली जाऊन बसता का, मादाम?"

मी गेले नाही. कोणीतरी आपलं माणूस तिथे असायला हवं होतं. जे दिसलं ते लिहीत नाही. दोन दिवस मी जेवलेले नाही, एवढंच.

संध्याकाळी फोनवर तू म्हणालास, "ताई, आठ आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार होतं? त्याला काही कळतंय का?" आणि वर, "जरा हळू बोल, घरात माणसं बसलीत." मी कायम हळूच बोलत आले, न्यूमा. म्हणून आता लिहिते आहे.

काल पुन्हा गेले. पाटीवर हॉर्टेन्सबाईंचं नाव कोरलेलंसुद्धा होतं, शेजारी वेलबुट्टी काढून. दहा महिने तू मला सांगत होतास की चांगला कोरणारा मिळत नाही. सासूबाईंसाठी तो एका दिवसात मिळाला. आणि वरच्या कप्प्यातलं नाव आधीच पाटीवर असतं, तर आल्सीदने त्या विटेला हातोडी लावली नसती.

मघापासून मी 'वरचा कप्पा' म्हणते आहे. तुमच्या घरात बोलून बोलून ही सवय लागली. तिथे प्लासीद होता. माझा मुलगा.

सत्ताविसाव्या वर्षी त्याने दारूच्या गुत्त्यात एका माणसाला भोसकलं आणि तो एकोणीस वर्षांनी, नदीच्या वरच्या अंगाच्या तुरुंगात मेला. तू म्हणतोस, लोकांना आधी विसरू दे. ज्याला त्याने मारलं त्याचं थडगं तीन गल्ल्या पलीकडे आहे. त्याचं नाव मी दरवर्षी जाऊन वाचते. त्याच्या बायकोने एकदा मला तिथे पाहिलं. तिने मला हाकललं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा शिकवायच्या की आत्मा अमर आहे. मी ते मानते. ते देवाचं काम आहे, तो बघून घेईल. पण त्या थडग्याच्या तळाशी आजी, जुगारी मामा आणि तापात गेलेली पोरं एकमेकांत अशी मिसळलीत की देवदूतांनाही निवडता येणार नाहीत. माणूस वेगळा उरतो तो पाटीवरच. सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, आपण थडग्याला सफेदी करतो, घरातलं थोरलं माणूस नावं वाचतं आणि मुलं पाटीवर बोट फिरवत मागोमाग म्हणतात. आजीला आपण कधी पाहिलं नाही, तरी ती आपल्याला ठाऊक आहे ती अशी. प्लासीदला यापेक्षा जास्त अमर करायचं माझ्या मनात नाही.

थडगं बाबांनी मुलगा म्हणून तुझ्या नावावर केलं. तुझ्या सहीशिवाय कोरणारा छिन्नी उचलत नाही, मी विचारून आले. प्लासीदचं पूर्ण नाव, जन्म आणि मृत्यूचं साल, बाबांच्या खाली कोरलेलं हवं. कुठे मेला ते नसलं तरी चालेल.

एक नोव्हेंबरला नावं मीच वाचणार, थोरली मी आहे. त्याचंही वाचेन. मुलं बोट कुठे ठेवायचं ते विचारतील, तेव्हा मी तुझ्याकडे बघेन.

तुझं उत्तर मला शुक्रवारी, २० सप्टेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन नको, ऑरेलीच्या हाती निरोप नको. कागदावर, तुझ्या अक्षरात, आणि त्यात त्याचं नाव लिहिलेलं.

तुझी थोरली बहीण,
प्लासीदची आई,
लिओंतीन