रविवारचा स्टोव्ह

आप्पा, काल भाची विचारत होती, कपाटावरचं हे पितळेचं धूड भंगारात का देत नाहीस. तिला म्हटलं, तुझा मोबाइल दोन वर्षांत मरतो, हा चाळीस वर्षं पेटला. भंगार कोण ते तूच ठरव. तुमच्या स्टोव्हबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं मला अजूनही खपत नाही. खरं तर त्याच्याविरुद्ध सगळ्यांत जास्त मीच बोलले आहे.

मालगाडीवर गार्ड असताना तुम्ही तो पेटीत घालून न्यायचात. रिटायर झालात, आई गेली, तरी तो दौंडच्या ओट्यावर होताच. मी शिरूरच्या शाळेत शिकवत होते. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तुमचा हात थरथरायला लागला. स्टोव्ह पेटवताना स्पिरिट निम्मं वाटीत, निम्मं ओट्यावर. एकदा तुमच्या सदऱ्याची बाही कडेला जळलेली दिसली आणि मी तुम्हाला न विचारता गॅस घेतला. तुम्ही सिलिंडरवर फडकं टाकून वर्तमानपत्रांची चळत रचलीत. म्हणालात, "ह्याच्या पोटात काय चाललंय ते दिसतं का? स्टोव्हचं पोट मी रोज उघडतो." जी वस्तू रोज उघडावी लागते ती चांगली नव्हे, असं मी सुनावलं.

पुढच्या रविवारी मी तो पिशवीत घालून न्यायलाच आले. तुम्ही भांडला नाहीत. न्यायचा तर ने, पण आधी खोलून, जोडून, पेटवून दाखव, एवढंच म्हणालात. कॉन्व्हेंटात अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली काढलेली मी, मागे हटणार होते थोडीच? मी ओट्याशी उभी आहे, तुम्ही स्टुलावर. पंपातलं कातड्याचं वायसर वाळून पापड झालंय; खोबरेल लावून ते बोटांनी मऊ करते. रॉकेल जिथून फवारतं त्या निपलचं भोक बुजलंय. पिन सापडत नाही, म्हणून शिवणाची सुई खुपसते. पंप मारते, पेटवते, आणि निळ्या फुलाऐवजी हातभर पिवळा जाळ वर येतो. तुम्ही उठून चावी सोडता, हवा जाते, जाळ बसतो. तुमचा हात अजिबात थरथरत नाही.

सुईनं भोक मोठं झालं होतं. "कान्व्हेंटात भरतकाम शिकलीस, ते हितं काढलंस व्हय?"

मग मी जी सुटले ती सुटलेच. तुमचा हट्ट, जळकी बाही, शेजाऱ्यांचे टोमणे, सगळं काढलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असते तेव्हाही हेच ओट्यावरचं स्पिरिट दिसतं, हेही सांगून टाकलं. तुम्ही निपल उजेडात धरून बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "बरं. तू येशील तवाच पेटवू. बाकीचे दिवस तुझा गॅस."

त्यानंतरचे रविवार मला आयुष्यातले सगळ्यांत चांगले वाटतात. सकाळच्या एसटीनं यायचं, नवं निपल बसवायचं, चिंचेनं टाकी घासायची आणि तुमची बोलणी खायची. रस्सा रटरटायचा, स्टोव्ह असा फरफरायचा की भांडायचं तर ओरडावं लागे, म्हणून आपण गप्प बसायचो. जेवताना तुम्ही मानभावीपणे सांगायचात, गॅसवरचा चहा बरा लागतो हो.

आता सांगते. शब्द तुम्ही एक आठवडाही पाळला नाहीत. मी पाऊण भरून ठेवलेली टाकी पुढच्या रविवारी तळाला गेलेली असे. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसता, आणि मग मला तो न्यावा लागला असता. धास्ती होतीच. म्हणून तुम्ही दुपारी आडवे झालात की चांगलं असलं तरी वायसर बदलायची, चावी दोनदा तपासायची, टाकी पुन्हा पाऊण भरायची आणि बस गाठायची.