विजूचा अलार्म

भिलाई, सेक्टर ५
२२ नोव्हेंबर १९९३

चि. विजू,
मावशीकडून अनेक आशीर्वाद.

तू नागपूरला सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईच्या, सिंधुताईच्या कार्डावरून समजलं. तू स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण असो, कॉलेजच्या गडबडीत असशील.

इथे सगळं ठीक. तुझ्या मावसाजींची या आठवड्यात बी शिफ्ट आहे, त्यामुळे संध्याकाळी घर अगदी रिकामं वाटतं. तू असताना कसं, मी ऑफिसातून आले की तू ओट्यावर तारा पसरून बसलेली असायची आणि मी ओरडायची, की पोळ्या कुठे लाटू! तुझा निळा स्वेटर दारामागे तसाच टांगलेला आहे. नागपूरकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवते.

माझं कॉम्प्युटर शिकणं चालू आहे. इतकी वर्षं विजेची पॅनेल बनवणाऱ्या आमच्या या कंपनीत मी ट्रेसिंग पेपरवर शाईने सर्किटं काढली. कोणती रेघ कुठे वळते ते हाताला पाठ झालं होतं. पण त्या रेघेतून काय वाहतं ते मी कधी विचारलं नाही, आणि मला कोणी सांगितलंही नाही. आता पेनच नाही. सर्किटातल्या प्रत्येक जोडाला नंबर द्यायचा, मग कोणता रेझिस्टन्स कोणत्या दोन नंबरांच्या मधे आहे ते एकेका ओळीत टाइप करायचं. सगळं बरोबर असलं तर मशीन आपोआप हिशेब करून स्क्रीनवर रेघ काढून दाखवते, की वस्तू न बनवताच ती कशी चालेल ते समजतं. चुकलं तर इंग्रजीत खेकसते. पहिल्या दिवशी माझी साधी बॅटरी आणि दिव्याची जोडणीही ती घेत नव्हती. तूच हसत सांगितलंस, "मावशी, कुठला तरी जोड शून्य पाहिजे. शून्य म्हणजे जमीन. जमीनच नाही तर ती मोजणार कुठून?" ते मात्र आता पक्कं बसलं.

आमच्या तिवारी साहेबांचं बोलणं मनावर घेऊ नको. ते सगळ्यांनाच तसं बोलतात. कॉलेजच्या प्रोजेक्टचं काय, हा पंख्याचा अलार्म नाही तर दुसरा मिळेल. तू हुशार आहेस.

बाकी काय लिहू. जेवणाची हेळसांड करू नको.

तुझी,
कमलिनी मावशी


भिलाई
९ डिसेंबर १९९३

चि. विजू,

सिंधुताईचं पत्र आलं. तिने लिहिलंय की तू सोल्डरिंगचं सगळं सामान पेटीत घालून कुलूप लावलंय. या वर्षी परीक्षेला बसत नाही म्हणतेस. "मी हात लावला की वस्तू बिघडते, मले हे जमतच नाही," असं तू म्हणालीस, आणि हिला झालं तरी काय ते तुला तरी माहीत आहे का, असं ताई मला विचारते.

मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी तुला स्वेटरबद्दल लिहिलं, मावसाजींच्या शिफ्टबद्दल लिहिलं. जे लिहायला बसले होते तेच लिहिलं नाही. विजू, तुझ्या सर्किटात काहीही चूक नव्हती. चूक माझ्या टायपिंगात होती.

तुझ्या कागदावर तो मोठा रेझिस्टन्स होता, दहा लाख ओमचा. तू 'एक एम' लिहिलं होतंस, सगळे तसंच लिहितात. मीही तेच टाइप केलं. पण त्या प्रोग्रामच्या भाषेत नुसता एम म्हणजे मेगा नव्हे, मिली. ओमचा हजारावा भाग. मेगा पाहिजे असेल तर एम-ई-जी अशी तिन्ही अक्षरं टाकावी लागतात. म्हणजे जिथे तू दहा लाखांचा रेझिस्टन्स ठेवला होतास, तिथे मी सरळ तार जोडून दिली. मग अलार्म कसा वाजणार? स्क्रीनवर कारखान्यातल्या त्या मोठ्या पंख्याच्या बेअरिंगचं तापमान वर वर चढत होतं आणि अलार्मची रेघ खाली आडवी पडून होती. तेच मी साहेबांना नेऊन दाखवलं.

मीटिंगमधे काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण मी ते विसरलेली नाही हे तुला कळलं पाहिजे. साहेब म्हणाले, "बेयरिंग जल जाएगा, पंखा बैठ जाएगा, और मैडम का अलार्म सोता रहेगा." सगळे हसले. तू म्हणालीस, "सर, घर पे बजा था." तर म्हणाले, "घर के चूल्हे पे तो कुछ भी बज जाता है. कंप्यूटर झूठ नहीं बोलता."

तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "मावशी, तुझ्यासमोरच वाजला होता न?"

वाजला होता. माझ्या स्वयंपाकघरात, गरम पाण्याच्या ग्लासात तू अलार्मची ती तापमान मोजणारी तार बुडवली तेव्हा असा वाजला की मावसाजी आंघोळीतून ओरडले, "काय जळून राहिलं वं?" आपण दोघी किती हसलो होतो. पाणी थंड झालं तसा तो बंद झाला, पुन्हा गरम ओतलं तर पुन्हा वाजला. मी माझ्या कानांनी ऐकला होता. आणि तुझ्या तोंडाकडे पाहून, त्या सगळ्यांसमोर, मी म्हटलं, "मले त्यातलं काय समजते?"

त्या घडीला मला एमचं माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण वाजला होता एवढं तर माहीत होतं न. तेवढं सांगायला कोणतं कॉम्प्युटर लागत होतं?

साहेब मग म्हणाले, "देखिए, कमलिनीजी ने पकड़ लिया." मला बरं वाटलं, विजू. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं. ऑफिसात मी आणि श्यामराव दोघेच जुने ट्रेसर. एकालाच कॉम्प्युटरवर ठेवणार, दुसऱ्याला स्टोअरमधे पाठवणार, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात श्यामरावांना स्टोअरमधे पाठवलं आणि ते टेबल माझं झालं.

एमचं मला कळलं ते त्या प्रोग्रामचं पुस्तक उलटताना. दुसरंच काही शोधत होते. वाचलं आणि मी टाइप केलेली तुझी ओळ काढून पाहिली, तिथे नुसता एम. त्या संध्याकाळी घरी आले तर तू बॅग भरत होतीस. तू विचारलंस, "मावशी, त्या दिवशी तार कुठं हलून तर वाजला नसेल?" इतकी तू स्वतःवर शंका घेत होतीस! मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तुला चिवडा बांधून दिला. सकाळी तू न जेवता गेलीस.

ताईचं पत्र मी मावसाजींना वाचून दाखवलं आणि मग सगळं सांगितलं. ते मला कधी वाकडं बोलत नाहीत, तुला माहीत आहे. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरगी भरोशानं आपल्या घरी राहिली होती न?" एवढंच. त्यानंतर दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

काल जेवणाच्या सुट्टीनंतर मी साहेबांकडे गेले. सांगताना हिंदी मराठी सगळी खिचडी झाली. ते म्हणाले, "चलाके दिखाइए." मी त्यांच्यासमोर ती ओळ पुन्हा टाइप केली, तिन्ही अक्षरं घालून. तापमान चढलं आणि जिथे तू सांगितलं होतंस नेमकं तिथेच अलार्मची रेघ उडी मारून वर गेली. साहेबांनी ते पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मग विचारलं, "ये आपको कब पता चला?"

मी म्हटलं, "वो यहीं थी, तब."

ते टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. मला वाटलं, रागावतील, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "साहब, उस दिन जो लोग हँसे थे, उनको बुलाइए." त्यांना ते नको होतं. "अब छोड़िए," म्हणाले. पण मी दारातच उभी राहिले. शेवटी बोलावलं. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं की मुलीचं बरोबर होतं, चूक मी टाइप केली, आणि अलार्म माझ्या घरी वाजलेला मी ऐकला होता तरी खोटं बोलले. कोणी हसलं नाही. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. श्यामराव स्टोअरमधून आले होते, ते तेवढे पाहत होते. मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही.

आज सकाळपासून ते टेबल श्यामरावांचं आहे आणि मी स्टोअरमधे आहे. पेट्यांवर चिठ्ठ्या लावते. मन हलकं झालं वगैरे मी म्हणणार नाही. वाईट वाटतं. ती मशीन मला आवडायला लागली होती.

साहेब तुझ्या कॉलेजला पत्र पाठवणार आहेत. जानेवारीत पंख्यावर तुझ्या अलार्मची ट्रायल घ्यायची म्हणतात. तुझी माफी ते मागतील असं मला वाटत नाही, पण बोलावतील नक्की. तू ये. माझ्या घरी उतरायचं नसेल तर नेहरू नगरमधे मुलींचं एक वसतिगृह आहे, मी जाऊन खोली पाहून आले. स्वच्छ आहे. बाई चांगली आहे. मावसाजी तुला स्टेशनवर घ्यायला येतील, मी येणार नाही.

ताईला मी वेगळं पत्र लिहून सगळं कळवते आहे. तू तिला काही समजावत बसू नको, ते माझं काम.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. तू लहान आहेस, तू लगेच "जाऊ दे मावशी" म्हणशील, आणि ते मला इतक्या स्वस्तात नको. फक्त परीक्षेला बस. तुझ्या हाताने काही बिघडत नाही. ज्या एका वस्तूला सगळे बिघडलेली म्हणाले ती चांगली होती, आणि हे सगळ्यात आधी मला ठाऊक होतं.

मावशी म्हणून सही करायला आज हात धजत नाही.

कमलिनी