डावीकडची पट्टी

दि. ९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी दाढी पिकली तरी तू आमचा बारक्याच राहणार, त्याला माझा इलाज नाही. इकडे आम्ही दोघं त्याच्या कृपेने बरे आहोत. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

तुझा पेन ड्राइव्ह पोचला. तू दिलेला जुना लॅपटॉप अजून धडधाकट आहे, पण त्यातलं विंडोज त्याला झेपेनासं झालं होतं. बटण दाबून मी आंघोळ आणि जप दोन्ही उरकून यायचो, तरी ते आपलं गोल गोल फिरतच असायचं. तुझं लिनक्स मात्र हाक मारताच उठतं.

मला घाई का आहे ते तुला ठाऊक आहे. मालकांनी सगळ्यांना जाहीर सांगून टाकलं की नव्या वर्षापासून छापखान्यात कागदावर प्रूफ निघणार नाही. वाचायचं ते पडद्यावर. ज्याला जमेल तो राहील. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, म्हणजे ते माझ्यासाठीच होतं. प्रूफं वाचण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. तेव्हा या यंत्राशी माझं जमलंच पाहिजे.

तू म्हणाला होतास, "दादा, त्यात लिनक्सचे तीन प्रकार आहेत, तीनही वापरून बघ. कुणाचं ऐकू नकोस, माझंही नको. तुला जे मानवेल ते ठेव." हे मला पटलं. दुसऱ्याच्या उशीवर आपल्याला झोप लागत नाही, त्यात उशीचा काही दोष नसतो.

आधी तुझं लाडकं उबुंटू लावलं. चित्र सुरेख आहे, पण त्यात बटणंच नाहीत. पुढे नुसती रंगवलेली भिंत. मी पुष्कळ शोधलं. शेवटी वाटलं, फुकट वाटायची वस्तू, घाईत घालायची राहून गेली असतील.

मग ते हिरव्या पानाचं, मिंट. ते बरं वाटलं. खाली आडवी पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. पण कार्यक्रमांची यादी कुठून उघडायची ते काही सापडेना. तुझी वहिनी दाणे निवडत बसली होती. ती उठून आली आणि तिने खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय! तुमच्या नाकासमोर तर आहे." मी म्हणालो, नाक मधे असतं, हे कोपऱ्यात आहे. ती हसली, मीही हसलो.

तिसरं ते उंदराचं चित्र असलेलं. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, मी त्याला उंदीरवालं म्हणतो. ते आपल्या गावच्या शाळेसारखं आहे. भिंती साध्या, बाक साधे, शोभेचं काही नाही, पण जे आहे ते हवं तसं हलवता येतं. मी ती पट्टी उचलून उजव्या कडेला उभी केली. घड्याळ तिथेच, यादी तिथेच, फायलीही तिथेच. एकदम जिवाला बरं वाटलं. हेच ठेवीन म्हणतो.

फक्त एक गोष्ट. पेन ड्राइव्हवरून चालवलं की बंद करताच ते सगळं विसरतं. दुसऱ्या दिवशी पट्टी परत आपल्या मूळ जागी. रोज सकाळी मी ती उचलून उजवीकडे नेतो. माणसालाही असं रोज कोरं उठता आलं तर काय बहार होईल असं पहिल्यांदा वाटलं. नंतर वाटलं, नको. मग रोज तेच तेच शिकावं लागेल.

बाकी विशेष काही नाही. छापखान्यात जरा गडबड झाली. लहान मुलांचं प्राण्यांचं पुस्तक होतं, डावीकडे चित्र आणि उजवीकडे नाव. एका पानावर चित्रं एकेक घर खाली सरकली आणि तसंच छापून बाहेर पडलं. हत्तीच्या नावासमोर कासव. आमची डीटीपी करणारी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारी मुलगी म्हणते, तिने माझ्या वाचनानंतर फाइलला हात लावला नाही. मी म्हणालो, मी वाचलं तेव्हा पान बरोबर होतं. मी सही केली होती. मालकांनी तिलाच बोल लावला. काय करणार.

सायकल सध्या बंद ठेवली आहे. चालणं तब्येतीला बरं. तुझी वहिनी माझ्यावर रुसली आहे, म्हणते, "भाजी आवडली नाही तर तोंडाने सांगा, अर्धी ताटात ठेवून उठू नका." आता मला भाजी आवडली होती. बायकांचं काही कळत नाही.

तिला फोनवर माझ्याबद्दल काही विचारत बसू नकोस, उगाच घोर लावून घेते.

तुझा,
दादा

दि. ३० नोव्हेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर तू शेवटी एवढंच विचारलंस, "दादा, तुला सगळं उजवीकडेच का लागतं?" मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. स्वच्छ ऐकू आलं होतं.

त्याआधी तू हेही सांगितलं होतंस की उबुंटूत बटणं आहेत, डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत उभी रांगच आहे, आंधळ्यालाही दिसेल. आंधळ्यालाही, हा शब्द तू सहज वापरलास. मला राग आला. तुझा नाही, पण आला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जातो असं सांगून मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला मान न हलवता समोर बघायला सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "पेन दिसलं की सांगा." मी बसून राहिलो. बराच वेळ झाल्यावर मी आपलं अदबीने म्हणालो, "बाई, तुमची तयारी झाली की सुरू करा." त्या म्हणाल्या, "काका, मी केव्हाची फिरवतेय."

मग डोक्याचा फोटो काढला. डोळे दोन्ही शाबूत आहेत. मागे मेंदूत उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही, एक लहानसा झटका येऊन गेला. बहुतेक मी न्हाणीघरात भिंत धरून उभा राहिलो होतो त्या दिवशी. मी पित्त म्हणून सोडून दिलं होतं. आता दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. परत येईल का, तर थोडं येईल, कदाचित येणारही नाही. गोळ्या सुरू केल्या आहेत, त्या चुकवायच्या नाहीत.

बारक्या, तिथे काळोख असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. काळोख नाही रे. तिथे काहीच नाही, आणि काही नाही हेही जाणवत नाही. आपल्या पाठीमागे काळोख आहे असं आपल्याला वाटतं का? तसं. देवाने एक बाजू उचलून नेली आणि जागेवर साधा पडदाही लावला नाही. त्याला विचारलं मी, डोळे मिटून बसलो तेव्हा. मिटलेल्या डोळ्यांना मात्र डावं-उजवं सगळं सारखंच आहे, तेवढा आधार वाटला.

पण डॉक्टरीणबाईंच्या जिन्यावरून उतरताना माझ्या मनात स्वतःचा विचार नव्हता. हत्तीसमोरचं कासव होतं. मी पान बरोबर होतं म्हणालो ते खोटं नव्हतं, मला दिसलं तेवढं बरोबरच होतं. नावं मी एकेक करून तपासली होती. चित्रांचा रकाना मी पाहिलाच नव्हता. पाहिला असं मला वाटलं होतं. आणि त्या मुलीला मालकांनी महिनाअखेर दुसरीकडे काम बघायला सांगितलं होतं.

गेलो तसाच छापखान्यात. मालक शाईच्या डब्यांवरून कुणावर तरी ओरडत होते. मी म्हणालो, "ते पान माझ्यामुळे गेलं." आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच.

ते खुर्चीत बसले. "म्हणजे इतके दिवस तुम्ही अर्धंच पान वाचत होता?"

"मजकूर पुरा वाचत होतो. ओळीचा अर्थ लागला नाही की मागे जाऊन तिचं तोंड शोधायचो. चित्राचा असा अर्थ लावावा लागत नाही, ते सुटलं."

"मग मी आता काय करायचं?"

"आधी तिला राहू द्या. माझं नंतर."

ती दारातच उभी होती. मला वाटलं, रडेल किंवा माफ करेल. कसलं काय! "काका, मला तीन आठवडे वाटतंय मलाच वेड लागलं! रोज ती फाइल उघडून बघते, कासवाला मी कधी हलवलं म्हणून. तुम्ही चुकाल असं डोक्यातसुद्धा आलं नाही माझ्या. त्याचाच राग येतोय." आणि निघून गेली. त्या दिवशी माझ्या टेबलावर चहा आला नाही. योग्यच झालं.

मालकांनी तिला ठेवलं. मला म्हणाले, "डिसेंबरभर बघू. पडद्यावर वाचून दाखवा. पण अशी आणखी एक चूक बाहेर गेली, तर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. राग मानू नका." मी राग मानला नाही. माझा छापखाना असता तर मीही हेच म्हणालो असतो.

आता तुझ्या लिनक्सचं सांगतो, ते यातच येतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दिसत नाही त्या बाजूला मान वळवायची सवय लावा, तिथे खूण म्हणून काहीतरी भडक ठेवा. मला आपले गुरुजी आठवले. पान पुढे आलं की पहिलं काम म्हणजे डावीकडे लाल पेन्सिलीने समासाची रेघ. रेघ नाही तर पान तपासायला घेणारच नाहीत, मग आत अक्षर मोत्यासारखं का असेना.

म्हणून मी ती पट्टी उजवीकडून काढली आणि डाव्या कडेला उभी केली. चांगली हातभर रुंद वाटेल एवढी जाड केली आणि तिला लालभडक रंग दिला. उंदीरवाल्यात पट्टीला आपल्या पसंतीचा रंग देता येतो. आता नियम एकच. लाल दिसेपर्यंत मान वळवायची. लाल दिसलं म्हणजे पान सुरू झालं. लॅपटॉप आता मी छापखान्यात नेतो; डीटीपीवाल्या मुलीने जाता जाता पाहिलं आणि न राहवून म्हणाली, "शी काका, हे काय गावठी!" तीन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला फार गोड लागलं.

तू म्हणाला होतास, मानवेल ते ठेव. मी त्यावर बराच विचार केला. पट्टी उजवीकडे नेली तेव्हा मला किती बरं वाटलं होतं ते मी तुला लिहिलंच. ती सोय होती खरी, पण कसली, तर डावी बाजू जगात नाहीच असं धरून चालायची. तशीच ठेवली असती तर मी सुखाने बसलो असतो आणि एकेक पान असंच गेलं असतं. लाल पट्टी डोळ्यांना खुपते. मान दुखते. दुपारनंतर कंटाळा येतो. तरी मला मानवतं ते हेच, असं आता वाटतं. उबुंटूवाल्यांची मात्र मनातल्या मनात माफी मागितली. त्यांनी बटणं घातली होती बिचाऱ्यांनी.

काल ते पेन ड्राइव्हवरून कायमचं लॅपटॉपवर उतरवलं, तू लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे. आता ते पट्टी विसरत नाही.

खोटं कशाला सांगू, अजूनही सुटतं. थकलो की मान अर्धीच वळते आणि मला वाटतं पुरी वळली. परवा एका कवितेच्या कडव्यांचे आकडे सुटले. दुसऱ्यांदा वाचताना सापडले. डिसेंबरात काय होईल, मला माहीत नाही.

आता ज्यासाठी मी तीन पानं इकडचं तिकडचं लिहिलं, ते. तुझ्या वहिनीला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. छापखान्यात सांगितलं, परक्या बाईंना सांगितलं, तुला सांगितलं. तिच्यासमोर बसलं की शब्द येत नाहीत. ती इतकी वर्षं माझ्यावर विसंबून रस्ता ओलांडत आली आहे. आता माझ्यावर विसंबू नकोस, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून असं ठरवलं आहे. हे पत्र मी पाकिटात घालत नाही. तिच्या हातात देतो, वाच म्हणतो, आणि जरा बाहेर फिरून येतो. पाकीट तिनेच चिकटवायचं. तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं, तर तिला कळलं असं समज. नाही पोचलं, तर मी ते खिशातच ठेवलं असं समज, आणि मला फोन करून रागाव.

जे दिसतं तेवढ्यावर विसंबून राहिलेला,
तुझा दादा

भाऊजी,

वाचलं. ह्यांनी पानापानाला डावीकडे इतकी कोरी जागा सोडली आहे की वेगळा कागद घ्यायची गरज पडली नाही. इथेच, कडेला, लिहिते आहे. दोन ठिकाणी ओळीचा पहिला शब्द राहिला होता, तो घातला आहे. निळ्या शाईतलं माझं.

सोमवारी डॉक्टरांकडे मी जाणार आहे सोबत. नंतर छापखान्यात मालकांना भेटून विचारणार, वाचायला ह्यांच्या शेजारी दुसरं माणूस बसलेलं चालतं का. मी सातवीपर्यंत शिकले आहे आणि मला अजून चष्मा लागलेला नाही.

हे अजून बाहेरच आहेत. खिडकीतून दिसतात. कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येतात. पाकीट चिकटवते आणि हाक मारते.

तुमची वहिनी